चुलीत टाकलेली चिठ्ठी

सांगलीच्या एका खासगी हॉस्पिटलात मी सोळा वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली. तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारी बिनखिडकीची खोली, लोखंडी मांडण्या, पुठ्ठ्याच्या फायली आणि पावसाळ्यात त्या फायलींना येणारा कुबट वास. डॉक्टर वरच्या मजल्यांवर माणसं बघायचे, मी खाली त्यांचे कागद बघायचो. माझा पेशंट कण्हत नाही, भांडत नाही आणि नातेवाइकांना घेऊन येत नाही, असं मी मस्करीत म्हणायचो. कुणी दहा वर्षांपूर्वीचा केस पेपर मागितला तरी मी चहा निवायच्या आत काढून द्यायचो. या कामाचा मला भारी अभिमान होता. तो आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात त्या अभिमानाचा वाटा मोठा आहे.

माझा थोरला भाऊ कुंडलला असतो. ऊस आणि दोन म्हशी. वहिनी जत तालुक्यातली, माहेरी घरात कानडी. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी भाकरी मोजताना ती कानडीतच मोजायची आणि आम्ही हसलो की मुद्दाम मोठ्यानं मोजायची. मी आठवीत असताना ती घरात आली. पुढं मी सांगलीला शिकायला राहिलो तेव्हा रोज सकाळच्या एसटीनं माझा डबा यायचा. कुंडल ते सांगली, ड्रायव्हरच्या पायाशी ठेवलेला. तीन वर्षांत तो एकदाही चुकला नाही. मला शिकवलं भावानं असं गाव म्हणतं. मला विचाराल तर वहिनीनं.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात करायचं ठरलं. हॉस्पिटलच्या माणसांच्या घरच्यांना सवलतीचं कार्ड असायचं, पण त्यात बायको, मुलं आणि आईवडील एवढेच. भावजय बसत नव्हती. सरकारी योजनेतून करावं तर तिचं नाव रेशनकार्डावर अजून माहेरीच, जतकडं. ते इकडं आणायचं दरवर्षी ठरायचं आणि राहून जायचं. तेव्हा माझ्या बायकोनंच आपलं कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. आमच्याकडं एका घरातल्या जावा लग्नाकार्याला एकमेकींची साडी नेसतात, गळ्यातलं घालतात, एकीला दूध नसलं तर दुसरी तिचं पोर पाजते. या देण्याघेण्यात एका कार्डाचं काय ते कौतुक? चूक करतोय असं कुणालाच वाटलं नाही. दाखल करायचा फॉर्म मी माझ्या हातानं भरला. नाव बायकोचं, वय बायकोचं, पोट वहिनीचं.

चार दिवस वहिनी वॉर्डात माझ्या बायकोच्या नावानं राहिली. सिस्टरनं हाक मारली की ती आधी वळायचीच नाही, मग आठवून "व्हय व्हय" म्हणायची, आणि शेजारी बसलेली माझी बायको तोंडाला पदर लावायची. दोघींना त्याचा खेळ झाला होता.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुखतंय म्हणून सिस्टरनं तिला वेदना थांबायचं इंजेक्शन दिलं. डायक्लोफिनॅक, कुठल्याही दवाखान्यात मिळणारं, साधं. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, श्वास अडकला, नाडी लागेना. नशीब असं की मोठे डॉक्टर राउंडला आले होते आणि शेजारच्याच कॉटपाशी उभे होते. त्यांनी तिला परत आणली. मग स्वतः केस पेपर मागून घेऊन वरच्या बाजूला लाल शाईनं लिहिलं: डायक्लोफिनॅक देऊ नये, जिवाला धोका. खाली सही केली. नाव अर्थातच माझ्या बायकोचं.

घरी सोडताना मी वहिनीला एक चिठ्ठी करून दिली. त्याच लाल शाईत, इंग्रजीत आणि मराठीत औषधाचं नाव, वरून चिकटपट्टी लावलेली, भिजू नये म्हणून. नऊ वर्षं ती चिठ्ठी तिच्या बटव्यात होती. गावात साध्या तापाला डॉक्टरकडं गेली तरी आधी टेबलावर चिठ्ठी ठेवायची आणि मग बसायची. सगळे तिची चेष्टा करायचे. ती जिवंत राहिली ती त्या चिठ्ठीमुळं, हे मला फार उशिरा कळलं.

मग आमच्याकडं ब्लॉकचेन आलं.

आमचं हॉस्पिटल, आणखी दोन हॉस्पिटलं, एक लॅब आणि तालुक्याकडचे काही छोटे दवाखाने मिळून हा प्रयोग करणार होते. शिकवायला पुण्याहून एक तरुण आला. त्यानं सांगितलं की पेशंटची प्रत्येक नोंद आता आधीच्या नोंदीला साखळीसारखी बांधलेली असेल आणि त्या बांधणीचा ठसा सगळ्यांकडं राहील. एका ठिकाणी कुणी खाडाखोड केली तर बाकीच्यांचं जुळणार नाही आणि लगेच बोभाटा होईल. पुसता काही येणार नाही. चूक झालीच तर खाली नवी नोंद करायची, करणाऱ्याच्या नावानिशी आणि कारणासकट, आणि जुनी तशीच राहणार. मला ते चटकन कळलं, कारण आमच्या भावकीत पूर्वीपासून हीच पद्धत आहे. एकदा बोललेलं प्रत्येकाच्या घरी जपून ठेवलेलं असतं.

फायदा खरा होता, नाही म्हणणार नाही. बाहेरगावी बेशुद्ध आणलेल्या माणसाची अ‍ॅलर्जी, औषधं, जुनी ऑपरेशनं डॉक्टरला मिनिटात दिसायची. अ‍ॅलर्जी असली की पडद्यावर वर लाल पट्टी यायची. अशी पट्टी लावायची तर डॉक्टरच्या सहीचा कागद जोडावाच लागायचा. सांगोवांगीची नोंद चालत नव्हती.

जुन्या फायली चढवायचं काम माझ्याकडं आलं. फोन बाहेर कप्प्यात ठेवायचा, कारण कुणी कागदांचे फोटो काढू नयेत, आणि आत बसून एकेक फाईल स्कॅन करायची. एका दुपारी माझ्या बायकोची फाईल हातात आली. वर ती लाल शाई. मी थांबलो. हा काळ कागदाचा असता तर मी काय केलं असतं ते सांगतो. ती दोन पानं हळूच काढली असती, वहिनीच्या नावाची फाईल केली असती आणि त्यात घातली असती. ते बेकायदा झालं असतं, पण खरं झालं असतं. आता प्रत्येक पानावर नंबर पडला होता आणि मोजणी वर गेली होती. साहेबांना जाऊन सांगायचं तर नऊ वर्षांपूर्वी कार्ड फिरवलं हे कबूल करायचं, आणि ते माझ्या नावानिशी चार ठिकाणी कायमचं लिहिलं जाणार. नोकरी गेली असती. मी फाईल स्कॅन केली. पडद्यावर माझ्या बायकोच्या नावाला लाल पट्टी लागली, आणि मी पुढची फाईल घेतली.

त्यानंतर महिन्याभरानं बेंदूर आला म्हणून आम्ही कुंडलला गेलो. पुरणपोळ्या झाल्या, मातीच्या बैलांची पूजा झाली, वहिनीचा भाऊही जतहून आला होता. जेवणं झाल्यावर सोप्यात बसून मी माझ्या नव्या कामाची फुशारकी मारत होतो. आता माणूस कुठंही पडू दे, त्याची सगळी कुंडली डॉक्टरपुढं येते, त्यात खोटं टिकत नाही, कुणाच्या बापाला बदलता येत नाही. थोरला भाऊ मान हलवत ऐकत होता. धाकटा भाऊ एवढं मोठं काम करतो याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसत होता, आणि तो बघून मला आणखी चढत होतं.

वहिनी चुलीपाशी दूध तापवत बसली होती. तिनं बटव्यातून चिठ्ठी काढली आणि तिथूनच विचारलं, "भाऊजी, मग ही आता कशाला बाळगू? समदं त्यात असंल की."

मी म्हणालो, "कशाला आता चिठ्ठ्याचपाट्या? टाक चुलीत."

तिनं टाकली. चिकटपट्टीचा घाण वास आला म्हणून तिनं नाकाला पदर लावला आणि सगळे हसले.

त्या क्षणी मला फाईल आठवली नाही, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. खरंच आठवली नव्हती की सगळ्यांपुढं आठवायची नव्हती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण परतताना पलूस मागं पडल्यावर गाडीवर मला लख्ख आठवलं. मागं बायको बसली होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता गाडी वळवा. मी म्हणालो, भरून आलंय, भिजू, उद्या फोन करतो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बसून तशीच नवी चिठ्ठी लिहिली, लाल शाईत, चिकटपट्टी लावून. फोनवर इंग्रजी नाव तिला काय कळणार, पुढच्या खेपेला हातात देऊ, असं ठरवलं. चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली ठेवली. मग कुणाचं लग्न, कुणाची तपासणी, कधी कंटाळा. बायको दर आठवड्याला विचारायची आणि मी दर आठवड्याला या रविवारी म्हणायचो. चिठ्ठी रोज डोळ्यांपुढं होती. रोज दिसणारी गोष्ट किती लवकर दिसेनाशी होते याचा मला कधी अंदाजच नव्हता.

मधल्या काळात कुंडलच्या शाळेत आरोग्य शिबिर झालं. तिथं प्रत्येकाची नवी नोंद थेट साखळीवर उघडली. टॅबलेट घेऊन बसलेल्या पोरीनं वहिनीला कुठलं औषध चालत नाही का विचारलं. वहिनीनं सांगितलं की एक इंजेक्शन चालत नाही, नाव दिराला ठाऊक आहे, तुमच्या मशीनमध्ये असेल बघा. पोरीनं शोधलं. वहिनीच्या नावावर जुनं काहीच नव्हतं, कारण मोठ्या दवाखान्यात ती स्वतःच्या नावानं कधी दाखल झालीच नव्हती. पोरीनं 'ज्ञात अ‍ॅलर्जी नाही' यावर बोट ठेवलं. तिच्या जागी मी असतो तर मीही ठेवलं असतं.

बेंदराला सात आठवडे झाले तेव्हा एका सकाळी वहिनीच्या कमरेत कळ आली. मुतखडा. भावानं तिला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण, नुकता दवाखाना टाकलेला. भावानं त्याला सांगितलं की हिला कुठलं तरी इंजेक्शन चालत नाही, माझा भाऊच सांगलीत ते लिहितो, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असणार. डॉक्टरनं उघडून बघितलं. पट्टी नव्हती. तरी त्यानं कुठलं इंजेक्शन म्हणून पुन्हा विचारलं. भावाला नाव येत नव्हतं. त्यानं मला फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. फोन बाहेर कप्प्यात होता आणि मी आत स्कॅन करत होतो. वहिनी कॉटवर गडाबडा लोळत होती. डॉक्टरनं पुन्हा एकदा पडदा बघितला, आणि मुतखड्याच्या कळेला सगळे देतात ते इंजेक्शन दिलं.

दुपारी जेवायला बाहेर आलो तेव्हा तीन मिस्ड कॉल दिसले. तेवढ्यात चौथा आला, माझ्या पुतण्याचा. तो उचलायच्या आधीच मला कळलं होतं.

तेरा दिवस मी कुंडलला होतो आणि तेरा दिवस गप्प होतो. लोक मला धरून रडत होते, आईसारखी होती तुला म्हणत होते, आणि मी मान हलवत होतो. स्वतःची एवढी किळस मला आधी कधी आली नव्हती. तिकडं त्या डॉक्टरनं दवाखान्याला कुलूप लावलं होतं, कारण गावातली पोरं दगड घेऊन एकदा जाऊन आली होती. तेराव्याचं जेवण उरकल्यावर भावानं मला आतल्या खोलीत बोलावलं. माझी बायको मागोमाग आली आणि दाराशी बसली. तिनं मला सकाळीच सांगितलं होतं की आज तुम्ही नाही बोललात तर मी बोलणार.

भाऊ म्हणाला, "तुझ्या त्या साखळीत खोटं टिकत न्हाई म्हणालास न्हवं? तिचा कागद काढून दे मला. इंजेक्शनचं त्यात लिवलं असणार, त्या डॉक्टरनं बघितलंच न्हाई. त्याला मी सोडत न्हाई."

मी म्हणालो, "दादा, त्यानं बघितलं. तिच्या कागदावर काही नाही."

"मग कुटं हाय?"

मी बायकोकडं बोट केलं. मग सगळं सांगितलं. कार्ड, फाईल, चूल, काचेखालची चिठ्ठी. भाऊ भिंतीला टेकून ऐकत होता. संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं की मला हे कधी आठवलं. मी म्हणालो, त्याच दिवशी, पलूस मागं पडल्यावर.

भाऊ शांतपणे म्हणाला, "दवाखान्यातनं जिती आली ती तुझ्या बायकुच्या नावानं. मेली तेवढी सोताच्या नावानं."

त्यानं मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो उठला, पायात चपला घातल्या आणि तालुक्याला गेला. त्या डॉक्टरच्या घरी जाऊन तुमची चूक नाही असं सांगून आला, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. माझ्याशी तो त्यानंतर बोललेला नाही. बायको सणावाराला एकटीच कुंडलला जाते. मी तिला स्टँडवर सोडतो.

सांगलीला परतल्यावर मी साहेबांपुढं सगळं लिहून दिलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त चष्मा काढून ठेवला. चौकशी झाली, ते मोठे डॉक्टर आले, त्यांनी आपली नऊ वर्षांपूर्वीची सही ओळखली. नोकरी जाणार होतीच, पण जायच्या आधी दुरुस्ती मीच करावी असं ठरलं, कारण मूळ नोंद ज्यानं चढवली त्याच्याच नावानं ती करावी लागते. आता मी कुपवाडला एका कारखान्यात गेटवर हजेरी घेतो. कामगार मोटरसायकली लावतात, अंगठा देतात आणि आत जातात. एकाचा अंगठा दुसऱ्यानं दिलेला मी चालवून घेत नाही. त्यावरून सगळे मला खडूस म्हणतात.

ती दुरुस्ती मी शेवटच्या दिवशी सकाळी केली. आधी बायकोच्या पानावर लिहिलं की हे ऑपरेशन आणि ही अ‍ॅलर्जी हिची नव्हे. मग वहिनीचं पान उघडलं. डॉक्टरच्या सहीचा तो जुना कागद जोडला आणि बटण दाबलं. काम झालंय ना हे बघायला पान पुन्हा उघडलं. साखळीत नोंदी केल्या तशाच लागतात, वरखाली करता येत नाहीत. वहिनीच्या पानावर मोजून तीनच आहेत. पहिली शिबिराची. दुसरी, त्या डॉक्टरनं केलेली, तिच्या मृत्यूची. आणि तिच्या खाली माझ्या नावानं तिसरी: डायक्लोफिनॅक देऊ नये, जिवाला धोका.